पाण्यात राहूनही प्रथिनांची माळ सुटत का नाही?

सदाशिव पेठेत राहणाऱ्या, अकरावीतल्या एका मुलीने मला लिहून विचारलेला प्रश्न असा:

"सर, पुस्तकात दिलंय की दोन अमिनो आम्लं जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तोडताना एक रेणू घालावा लागतो. पण पेशीत तर सगळीकडे पाणीच असतं. मग प्रथिनं पाण्यात जुळतात कशी? जुळली तर पुन्हा सुटी का होत नाहीत? आणि जोडायचं नि तोडायचं काम एकच एन्झाइम उलटसुलट का करत नाही?"

तुझी शंका रास्त आहे. मी सव्वीस वर्षं पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या प्लँटवर एन्झाइम हाताळले आणि आता घरी चार मुलांना शिकवतो. एवढ्या काळात हा प्रश्न सरळ शब्दांत विचारणारी मुलं मला दोन-तीनच भेटली. बाकीची 'संघनन' (पाणी सोडून जुळणं) आणि 'जलापघटन' (पाणी घेऊन तुटणं) या शब्दांखाली रेघ मारून पुढे जातात.

आधी तुझीच बाजू भक्कम करतो. एक लिटर पाण्यात पाण्याचे जवळपास ५५ मोल असतात (मोल हे रेणू मोजायचं एकक). पेशीतली सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेचे मणी, मात्र मोलच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजावी लागतात. जोडणीत बाहेर पडणारी वस्तू आधीच इतकी तुडुंब असेल, तर अभिक्रियेचा उतार तोडण्याकडेच असणार. ग्लासभर पाण्यात अमिनो आम्लं विरघळवून ठेव, वर्षभराने बघ. प्रथिन तयार झालेलं नसेल. इथपर्यंत तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

गफलत पुढे होते. उतार असला की वस्तू घरंगळणारच असं आपण धरून चालतो. घाटाच्या कडेला पडलेला धोंडा बघ. खाली दरी आहे, पण त्याच्यासमोर वीतभर उंचीचा कठडा आहे, म्हणून तो पावसाळ्यामागून पावसाळे तिथेच बसून असतो. पेप्टाइड बंधाचं, म्हणजे दोन अमिनो आम्लांमधल्या सांध्याचं, तसंच आहे. साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, एन्झाइमच्या मदतीशिवाय असे निम्मे बंध तुटायला शेकडो वर्षं लागतात. उतार किती हा एक हिशेब, कठडा किती उंच हा दुसरा. पुस्तकं दोन्ही शिकवतात, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. मग मुलांच्या डोक्यात ते एकत्र येत नाहीत.

खात्री करायची तर स्वयंपाकघरात जा. तूरडाळ कुकरला लावली की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. चार शिट्ट्यांनंतर डाळ बोटाने मोडते, प्रथिनाच्या घड्या उलगडलेल्या असतात, पण अमिनो आम्लांची माळ जवळपास शाबूत असते. प्रयोगशाळेत तीच माळ पूर्ण सुटी करायची तर सहा नॉर्मल, म्हणजे चांगल्याच तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्लात बंद नळीत ११० अंशांना २४ तास शिजवावी लागते, आणि त्यातही ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल जळून जातं ते जातंच. तुझं पोट आणि आतडं मिळून हेच काम ३७ अंशांना, जेवण आणि संध्याकाळचा चहा यांच्या मधल्या वेळात उरकतं. एन्झाइम म्हणजे काय ते मला या तुलनेतून जितकं समजलं तितकं व्याख्येतून कधीच समजलं नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

एन्झाइम कठड्याची उंची कमी करतं. उताराला हात लावत नाही. कठडा खाली आला की धोंडा इकडून तिकडे जाणं सोपं होतं, तसंच तिकडून इकडे येणंही. म्हणजे तत्त्वतः एकच एन्झाइम दोन्ही दिशांना काम करतं, त्याला दिशा कळतच नाही. हे मला पुस्तकातून नव्हे, नोकरीच्या पहिल्या वर्षात, रात्रपाळीत, चांगली फजिती होऊन कळलं.

आमच्या प्लँटवर पेनिसिलिन-जी तोडायचं काम चाले. पेनिसिलिन अॅसिलेज नावाचं एन्झाइम पाण्याच्या मदतीने त्याचे दोन तुकडे करतं. एक तुकडा सहा-एपीए, ज्याच्यापासून पुढे अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन बनतात. दुसरा फेनिलअॅसेटिक आम्ल, ज्याला मधासारखा पण नकोसा वास येतो. तो वास कपड्यांत इतका मुरायचा की पीएमटीत शेजारी बसलेला माणूस हळूच जागा बदलायचा. तर, आम्ल सुटत जातं तसा पीएच उतरतो, म्हणून अमोनिया थेंबथेंब सोडून तो ८ च्या आसपास धरून ठेवायचा असतो. त्या रात्री अमोनियाच्या पंपाची नळी तुंबली आणि मी डुलकी घेत होतो. जाग आली तेव्हा पीएच ६ च्या घरात आणि अभिक्रिया अर्ध्यावर अडकलेली. मी घाबरून आणखी एन्झाइम टाकलं. काही हललं नाही. अजून टाकलं. तरी नाही.

सकाळी आलेल्या शिफ्ट इन्चार्जने आकडे बघितले आणि एवढंच म्हणाले, "अरे, एन्झाइम हमाल आहे, मालक नाही." आम्लात ते एन्झाइम मंदावतं हे एक झालंच, पण मुख्य कारण वेगळं होतं. पीएच खाली गेला की तोल जोडणीच्या बाजूला झुकतो. तुकडे होत होते आणि पुन्हा जुळतही होते. मी जास्त हमाल लावले, त्यांनी दोन्ही बाजूंना तेवढ्याच जोमाने पोती वाहिली. नळी साफ करून अमोनिया सुरू केला तशी अभिक्रिया पुढे सरकली.

पुढे काही वर्षांनी याच एन्झाइमकडून लोक अमॉक्सिसिलिन जोडूनही घेऊ लागले. तिथे युक्ती अशी की जोडायचा तुकडा साधं आम्ल म्हणून द्यायचा नाही. त्याचं एस्टर करून, म्हणजे आधीच थोडी ऊर्जा भरून, 'तापवून' द्यायचा. मग एन्झाइम त्याला पाण्याच्या हाती देण्याआधी सहा-एपीएशी जोडून टाकतं. अर्थात ढिलाई केली आणि वेळेत माल काढून घेतला नाही, तर तेच एन्झाइम जोडलेलं पुन्हा तोडतं. ही तापवण्याची युक्ती लक्षात ठेव, पेशीकडे वळताना लागेल.

एन्झाइमला दिशा नसते हे न उमगल्याने मोठमोठ्या लोकांचीही दिशाभूल झाली आहे. कार्ल आणि गर्टी कोरी या दाम्पत्याने १९३० च्या दशकात ग्लायकोजेन कसं तुटतं ते शोधलं. ग्लायकोजेन म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लुकोजचा फांद्याफांद्यांचा गठ्ठा. त्यांना सापडलेलं एन्झाइम, फॉस्फोरिलेज, हा गठ्ठा पाण्याने नव्हे तर फॉस्फेटने कापतं आणि ग्लुकोज-१-फॉस्फेट सुटं करतं. मग त्यांनी परीक्षानळीत उलटं करून पाहिलं. भरपूर ग्लुकोज-१-फॉस्फेट घातलं तर तेच एन्झाइम गठ्ठा बांधतही होतं! सजीवांतला एवढा मोठा रेणू नळीत बांधून दाखवणं ही तेव्हा अचंब्याची गोष्ट होती. दोघांना १९४७ चं नोबेल मिळालं आणि सगळ्यांनी धरून चाललं की शरीरातही बांधायचं आणि तोडायचं काम हेच एक एन्झाइम करतं.

मग एका रुग्णाने गणित बिघडवलं. १९५१ साली लंडनमध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी एका तरुणाची हकीकत लिहिली. थोडे श्रम केले की त्याचे स्नायू दुखायचे, आखडायचे. पुढे १९५९ मध्ये कळलं की या आजाराच्या लोकांच्या स्नायूंत फॉस्फोरिलेजच नसतं. तरी त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन नेहमीपेक्षा जास्त! बांधणारा गवंडी जर फॉस्फोरिलेजच असेल, तर तो नसताना भिंत उभी राहिली कशी? उत्तर त्याआधी दोनच वर्षं अर्जेंटिनात लुईस लेलुआर यांच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. बांधणीचा रस्ता वेगळा आहे. तिथे ग्लुकोज आधी यूडीपी नावाच्या रेणूला जोडून तापवलं जातं आणि दुसरंच एन्झाइम, ग्लायकोजेन सिंथेज, ते गठ्ठ्याला चिकटवतं. लेलुआर यांना १९७० चं नोबेल मिळालं.

नळीत फॉस्फोरिलेजने बांधलं ते खोटं नव्हतं. फक्त पेशीत फॉस्फेट इतकं जास्त असतं की तिथे तोल कायम तोडण्याकडे राहतो. माझ्या त्या रात्रीच्या पीएचसारखंच.

तर एकच एन्झाइम दोन्हीकडे चालू शकतं; पेशी ते चालू देत नाही. पुण्यात राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. जंगली महाराज रस्त्याने जायचं आणि फर्ग्युसन रस्त्याने यायचं. एकाच रस्त्यावर दोन्हीकडची वाहनं असती तर डेक्कनला काय झालं असतं, विचार कर. रस्ते वेगळे असले की सिग्नलही वेगळे लावता येतात. बसमागे धावताना अॅड्रेनालिन वाढतं, तेव्हा स्नायूंत या दोन्ही एन्झाइमांवर फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. त्या एकाच खुणेने फॉस्फोरिलेज जागं होतं आणि सिंथेज झोपी जातं. उपासाच्या दिवशी यकृताला असाच निरोप ग्लुकागॉन हे संप्रेरक देतं. यकृतातला साठा साधारण १०० ग्रॅमचा, कडकडीत उपासाला तो दिवसभर जेमतेम पुरतो. आपल्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यामुळे साबुदाणा खिचडी पोटात गेली की रस्ता पुन्हा बांधणीकडे खुला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, म्हणजे ग्लुकोजच.

आता तुझा मूळ प्रश्न, प्रथिनं पाण्यात जुळतात कशी. उत्तर तू आता स्वतःच देऊ शकशील: तापवून. प्रत्येक अमिनो आम्ल आधी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून तापवलं जातं आणि ते वाहून नेणाऱ्या आपापल्या टीआरएनए या रेणूवर बसवलं जातं. (एटीपी १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्क व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधलं. सुब्बारावांचं नाव आपल्या वर्गांत फारसं घेतलं जात नाही, याचा मला राग येतो.) या वेळी एटीपीमधून दोन फॉस्फेटची जोडगोळी सुटते आणि दुसरं एक एन्झाइम तिचे लगेच तुकडे करून टाकतं. वर चढल्यावर मागची शिडी ओढून घ्यावी तसं. आता माघारी यायला वाट नाही. मग रायबोसोम या पेशीतल्या प्रथिनं विणणाऱ्या मागावर तापलेलं अमिनो आम्ल माळेला जुळतं, आणि तिथेही दर मण्यामागे दोन जीटीपी (एटीपीचंच भावंड) खर्ची पडतात.

म्हणजे एका पेप्टाइड बंधामागे एटीपीचे दोन आणि जीटीपीचे दोन असे चार ऊर्जेने भरलेले फॉस्फेट बंध. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. ती एक विणायला जवळजवळ ६०० फॉस्फेट बंध मोडावे लागतात. पाण्याच्या विरोधात तो चढ चढायला इतकी ऊर्जा लागत नाही, त्याच्या काही पटींनी कमी पुरली असती. वरचा सगळा खर्च अचूकतेचा आहे. रायबोसोम प्रत्येक पायरीवर थबकतो, योग्य अमिनो आम्ल आलंय ना बघतो, चुकलं असेल तर ते निसटायला वेळ देतो. या थबकण्याचे पैसे जीटीपीतून जातात. म्हणून दहा हजारांत एखादीच चूक होते.

तोडणीकडेही बघू. तिथे उतार आहे, एन्झाइम आहेत; मग पेशी स्वतःलाच का खात नाही? कारण तोडणारी एन्झाइम कुलपात असतात. स्वादुपिंड ट्रिप्सिन बनवतं ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात. आतड्यात पोचल्यावर दुसरं एन्झाइम त्याचा एक तुकडा छाटतं, मग ते कामाला लागतं. हे छाटणं चुकून स्वादुपिंडातच झालं तर ते स्वतःलाच पचवू लागतं. स्वादुपिंडाला सूज येते ती अशीही, आणि त्या वेदना ज्याने पाहिल्या तो विसरत नाही. पेशीच्या आत लायसोसोम नावाची आम्लधर्मी पिशवी असते. तिथली एन्झाइम आम्लातच जोरात चालतात, पिशवी फुटून बाहेर सांडली तरी बरीचशी लुळी पडतात. आणि नेमकं एखादंच प्रथिन मोडीत काढायचं असेल तर त्याच्यावर युबिक्विटिन नावाची ७६ अमिनो आम्लांची चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठ्यांची साखळी लागलेलं प्रथिन प्रोटिअॅसोम या पिंपात ओढलं जातं आणि आत त्याचे तुकडे होतात. यासाठी सिकानोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४ चं नोबेल मिळालं. विचित्र भाग असा की या तोडणीलाही एटीपी लागतं. उतारावरून खाली यायला कोण टोल भरतं? पेशी भरते, कारण तिला कुठलं प्रथिन आणि कधी तोडायचं हे स्वतः ठरवायचं असतं.

तोडणं आणि बांधणं शेजारी-शेजारी कसं चालतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पुन्हा पिंपरीचंच. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी. जीवाणूला वाढायचं तर स्वतःच्या भिंतीच्या जुन्या विटा कापून नव्या घालाव्या लागतात. कापणारी एन्झाइम वेगळी, सांधणारी वेगळी. पेनिसिलिन सांधणाऱ्याचा हात धरून ठेवतं. कापणारे मात्र काम चालूच ठेवतात. भिंत पोखरत जाते, आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. म्हणून पेनिसिलिनचा मारा वाढणाऱ्या जीवाणूंवर बसतो, निवांत बसलेल्यांवर जवळजवळ नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी दादाच्या प्रोटीन पावडरचं विचारलं होतंस, त्याबद्दल थोडक्यात. १९३० च्या दशकात रुडॉल्फ शोनहायमर यांनी न्यूयॉर्कमध्ये जड नायट्रोजनची खूण केलेलं अमिनो आम्ल पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातलं. वजन स्थिर असलेल्या प्राण्यात ते जळून लघवीवाटे निघून जाईल असा तेव्हाचा समज. प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा उंदरांच्या प्रथिनांत जाऊन बसला. म्हणजे बाहेरून स्थिर दिसणारं शरीर आत सतत उसवत आणि विणत असतं. माणसात रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडतं आणि नव्याने बनतं. खाण्यातून येतं ६०-७० ग्रॅम. उरलेलं जुन्या सामानातून. दादाची पावडर आतड्यात जवळजवळ सगळी सुटी होते आणि या ढिगात मिसळते. मूगमटकीची उसळ, दही, अंडी यांचंही तेच होतं. स्नायू कुठे विणायचा हे पावडर ठरवत नाही, व्यायाम ठरवतो. कोलॅजेनची महागडी पाकिटं विकणाऱ्यांना हे सांगून बघ, ऐकणार नाहीत.

एक गोष्ट राहिली. पाण्यात माळ किती काळ टिकते याचा पुरावा तुझ्या घरातच असेल. डोळ्याच्या भिंगाच्या मध्यभागातल्या पेशींत केंद्रकही नसतं आणि रायबोसोमही नाहीत. तिथली क्रिस्टॅलिन प्रथिनं माणूस जन्मायच्या आधी बनतात आणि नंतर कधीच बदलली जात नाहीत. तुझ्या आजीचं वय ऐंशी असेल तर तिच्या भिंगातल्या कित्येक माळा ऐंशी वर्षं पाण्यात भिजत आहेत आणि बहुतेक बंध अजून शाबूत आहेत. मात्र तिथे दुरुस्तीची सोय नाही. ऊन, ऑक्सिजन आणि साखर यांचे ओरखडे साचत जातात, प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि भिंग दुधाळ होतं. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.